जुन्या साड्या आणि जीन्सच्या पिशव्या शिवण्याआधी कापड कसे पारखावे

ऐरोलीच्या एका भगिनींनी मला कळवले आहे की, सासूबाईंच्या पश्चात त्यांच्या ट्रंकेतून अकरा साड्या निघाल्या असून त्यांत दोन इरकली आणि एक पैठणी आहे. घरात यजमानांच्या व मुलांच्या वापरात नसलेल्या जीन्स आणि शर्ट साठले आहेत. आणि माहेरून आलेले पायाचे मशीन अजून चालू आहे. या कपड्यांतून पिशव्या व अंगावर घालायचे काही कपडे शिवून ते दिवाळीआधीच्या प्रदर्शनात विकावेत असा त्यांचा विचार आहे. सुरुवात कशापासून करावी, पुढे जुने कपडे कुठून मिळवावेत, किंमत कशी ठरवावी आणि हे मशीन पुरेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी हे काम २०१० पासून ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत करीत आहे. या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतल्या शिवणाच्या थोड्या आणि कापड ओळखण्याच्या अधिक होत्या. दुकानातून नवे कापड आणले की त्याचा प्रत्येक इंच सारखाच मजबूत असणार, असे आपण गृहीत धरतो आणि ते बहुधा खरेही असते. वापरलेल्या कपड्याचे तसे नसते. एकाच पँटमधला एक भाग आणखी दहा वर्षे टिकेल असा असतो, तर त्याच्यापासून वीतभर अंतरावरचा भाग महिन्याभरात फसकेल असा असतो, आणि धुऊन इस्त्री केल्यावर दोन्ही अगदी सारखेच दिसतात.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली. २३ मार्चला अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला, आणि मधल्या तीन महिन्यांत कापडी पिशव्यांना एवढी मागणी आली की हाताला लागेल ती जीन्स कापून मी पिशव्या शिवल्या. ऑगस्टमध्ये एक बाई जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन थेट माझ्या दारात आल्या. पिशवीचा एक बंद सुटला होता आणि बटाटे त्यांनी पदरात धरले होते. शिलाई उसवली असेल असे समजून मी पिशवी हातात घेतली, तर बंद शाबूत होता, त्याच्या टोकावरची चौकोन आणि फुलीची शिलाई शाबूत होती, आणि त्या चौकोनाच्या कडेने कापडच फाटून बंदाबरोबर निघून आले होते. तो तुकडा जीन्सच्या मांडीच्या आतल्या बाजूचा होता. चालताना दोन्ही पाय एकमेकांना घासून तिथला धागा निम्मा झालेला असतो, आणि मी त्यावर बारीक टाक्यांची दुहेरी शिलाई मारून पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग पाडली होती. तेव्हा हे काम करीत मला आठ वर्षे झाली होती, त्यामुळे अनुभव नव्हता अशी सबब देता येत नाही.

म्हणून आपला पहिला आठवडा कात्री न उचलता कपडे तपासण्यात घालवावा. प्रत्येक कपडा सकाळच्या वेळी खिडकीसमोर उजेडात धरावा. विरलेला भाग आसपासच्या कापडापेक्षा अधिक उजेड आत सोडतो आणि ढगासारखा दिसतो. त्या भागाभोवती खडूने खूण करावी. मग दोन्ही हातांचे अंगठे शेजारी शेजारी ठेवून कापड आधी उभ्या धाग्याच्या आणि मग आडव्या धाग्याच्या दिशेने ताणावे. चांगले कापड ताणले की पुन्हा मूळ जागी येते. थकलेले कापड तिथेच सैल राहते, आणि अगदी जीर्ण झालेल्या रेशमातून बारीक चरचर ऐकू येते. ती चरचर ऐकू आलेल्या रेशमाची एकट्याची पिशवी कधीही शिवू नये.

कापड कशाचे आहे हे ठाऊक नसेल, तर कडेचे चार धागे काढून, चिमट्यात धरून, ओट्यावर पाण्याच्या वाटीजवळ जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. दुकानदार काहीही सांगो, हा मणी खोटे बोलत नाही. रंग जातो का हे पाहण्यासाठी ओले पांढरे फडके कापडावर वीसेक वेळा घासावे. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, हा घरोघरचा समज मात्र सोडून द्यावा, कारण सुटणारा रंग मिठाने बांधला जात नाही. असे कापड अनेकदा वेगळे धुऊन अतिरिक्त रंग काढून टाकावा, आणि तरीही फडके रंगत असेल तर त्याला पांढरे अस्तर लावू नये. मी एकदा लाल साडीच्या बटव्यांना पांढरे अस्तर लावले होते. पावसाळ्यानंतर ते सगळे गुलाबी झाले.

साडी कुठे झिजते हे आपणा सर्वांना अंगावरूनच ठाऊक असते, फक्त कापताना ते आठवत नाही. निऱ्यांचा खालचा काठ जमिनीला घासतो, खांद्यावर पिन लागून भोके पडतात, आणि कमरेला खोचलेल्या जागी घामाने कापड कमकुवत होते. याउलट नेसताना आत जाणारा पहिला मीटरभर भाग बहुधा नव्यासारखा असतो, आणि फॉल उसवला की त्याच्याखाली साडीचा मूळ रंग दिसतो. साधी साडी सुमारे साडेपाच मीटरची असते. त्यातून निर्धास्त वापरता येईल असे तीन-साडेतीन मीटर निघाले तरी समाधान मानावे. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेली रेशमी साडी त्या घडीच्या रेघेवर चिरते. आपली पैठणी ट्रंकेत किती वर्षे होती हे मला माहीत नाही, पण ती उलगडून प्रत्येक घडी उजेडात पाहिल्याशिवाय तिच्याविषयी काहीही ठरवू नये.

इरकलीबद्दल एक वेगळी सूचना करावीशी वाटते. पुष्कळ इरकलींचे अंग सुती आणि काठ-पदर कृत्रिम रेशमाचे, म्हणजे रेयॉनचे असतात. रेयॉनचा धागा ओला झाला की कमजोर होतो, म्हणून ही साडी पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. शिवाय तिच्या पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि तो अंगाच्या धाग्यांत फासे अडकवून जोडलेला असतो. त्या जोडाच्या अगदी जवळून कापले तर फासे सुटू लागतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन इंच माया ठेवावी, किंवा कापण्याआधीच त्यावर एक टीप मारून घ्यावी.

धुण्याबाबत थोडक्यात सांगते. बाहेरून आलेला कपडा घरातल्या कपड्यांत मिसळू न देता आधी खिसे तपासावेत, मग सुती असेल तर कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावा. सूत आटायचे ते याच वेळी आटून जाते, हा आणखी एक फायदा. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि माणूस घाबरतो, पण दोन-तीन दिवसांच्या उन्हाने तो बराचसा उडून जातो. काखेतल्या पिवळ्या डागांवर ब्लीच टाकू नये. ते अधिक पिवळे पडतात आणि धागाही जळतो. तेवढा भाग कापून टाकणेच बरे. ठाण्यात जून ते सप्टेंबर हे काम मी जवळजवळ बंद ठेवते, कारण वरून कोरडे वाटणारे कापड आत दमट असते, आणि अस्तर व फोमच्या मध्ये ती ओल अडकली की पिशवीला कुबट वास येतो. तो पुढे कशानेही जात नाही. पिशवीच्या तळाला पुठ्ठाही त्याच कारणाने घालू नये. जाड प्लास्टिकची पट्टी अस्तराच्या कप्प्यात सरकवावी, म्हणजे धुताना काढता येते.

आता उसवण्याविषयी, कारण या कामाचा निम्मा वेळ तिथेच जातो आणि नवशिके लोक नेमके हेच काम कात्रीने उरकतात. शर्टची शिवण उसवताना एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका उसवणीने, म्हणजे टाके उसवायच्या टोकदार हत्याराने, तोडावा, कापड उलटे करावे आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढावा. तो अखंड निघून येतो आणि कापडाला ओरखडा उठत नाही. ब्लेडने हे काम लवकर होते, परंतु एकदा हात घसरला की चांगल्या भागात कापा जातो. जीन्सच्या पायाची दुमडलेली शिवण बहुधा साखळी टाक्याची असते. तांदळाच्या पोत्याचे तोंड योग्य टोकाने ओढले की सरसर उसवते आणि चुकीच्या टोकाने ओढले की गाठ बसते, तसाच हा टाका आहे. एका टोकाने सुटत नसेल तर जोर न करता दुसऱ्या टोकाने प्रयत्न करावा. उसवलेल्या शिवणीत दडलेले गडद निळे कापड फेकू नये. बाकीची पँट फिकी पडलेली असल्याने या पट्ट्या कडेच्या गोटासाठी फार शोभून दिसतात.

सुरुवात मात्र जीन्सनेच करावी, आणि तीही सरळ पायाच्या, न ताणणाऱ्या जीन्सने. स्ट्रेच जीन्समध्ये रबरी धागा आडव्या दिशेने असतो. तो आडवा धागा उभा लावून कापले तर पिशवी चार दिवसांत खाली लोंबते. गुडघ्याखालचा पाय उसवून उलगडला की साधारण सोळा इंच रुंद आणि सतरा-अठरा इंच लांब तुकडा मिळतो, आणि दोन पायांच्या दोन तुकड्यांत एक बाजारहाटाची पिशवी बसते. गुडघ्याचा फुगवटा आलेला भाग मात्र त्यात घेऊ नये, कारण तो इस्त्रीने बसल्यासारखा वाटतो आणि सामान भरले की पुन्हा वर येतो. बंद नेहमी उभ्या धाग्याच्या दिशेने कापावेत. बंदाचे टोक पिशवीच्या आत दीड-दोन इंच घ्यावे, आतून दुसऱ्या मजबूत कापडाचा ठिगळवजा तुकडा लावावा आणि मगच चौकोन व त्यात फुली अशी शिलाई मारावी. टाके मोठे ठेवावेत, इंचाला आठ-नऊ पुरे. दोरा पॉलिस्टरचा असावा. शिवणाच्या डब्यात वर्षानुवर्षे पडून असलेला सुती दोरा एका झटक्यात तुटत असेल, तर तो बटणालासुद्धा वापरू नये. अस्तराला मांजरपाट चांगले, किंवा यजमानांच्या जुन्या शर्टाची पाठ. शर्टाचा खिसा न उसवता तसाच ठेवला तर अस्तराला आयता खिसा मिळतो, आणि प्रदर्शनात गिऱ्हाईक पिशवी उघडून तो पाहते तेव्हा हमखास हसते.

जीन्सवरची कंपनीची चामडी पट्टी आणि लेबले विकायच्या मालावर ठेवू नयेत. दिसायला ती छान दिसतात हे मान्य आहे, तथापि आपण शिवलेली वस्तू दुसऱ्याच्या नावाने विकणे बरोबर नाही आणि त्यातून कायदेशीर अडचणही येऊ शकते. शाळेच्या बोधचिन्हाचे गणवेशही याच कारणाने मी घेत नाही.

अंगावर घालायच्या कपड्यांचे गणित निराळे आहे. पिशवीवर भार एका जागी येतो, कपड्यावर तो खांदा, काख आणि बैठकीच्या जागी येतो, आणि नेमक्या त्याच जागा मूळ कपड्यातही झिजलेल्या असतात. म्हणून मोठ्याचा कपडा उसवून लहानाचा करावा हा जुन्या घरांतला रिवाज शहाणपणाचा होता. पुरुषी शर्टाच्या पाठीत चार वर्षांच्या मुलीचा झबलेवजा फ्रॉक सहज बसतो, आणि पुढची बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीला घेतली की काज-बटणांचे काम वाचते. साडीचा कुडता शिवायचा असेल तर खांद्याला व काखेला आतून सुती पट्टी लावावी. टी-शर्टचे कापड होजिअरीचे, म्हणजे फासे घालून विणलेले असते. त्याला साधी टोकदार सुई धागे तोडून भोके पाडते, त्यामुळे गोल टोकाची सुई घ्यावी, नाहीतर ते काम हाती घेऊ नये.

मग विरलेल्या, पण सुंदर कापडाचे काय करावे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आपल्या आज्यांनी गोधडीत देऊन ठेवले आहे. गोधडीत सर्वांत जीर्ण लुगडे मध्ये असते, धडके कापड वर आणि खाली असते, आणि जवळजवळ घातलेला धावदोरा या तिन्ही थरांना एक करतो. त्यातल्या मधल्या थरात स्वतःचे बळ उरलेले नसते, तरीही गोधडी वीस वर्षे टिकते, कारण ताण एका धाग्यावर न येता शेकडो टाक्यांत वाटला जातो. आजकाल जॅकेटावर नक्षी म्हणून दूर दूर चार ओळी धावदोरा घालतात; तो दिसायला गोधडीसारखा असतो आणि कामाला काहीच येत नाही. ओळींमध्ये बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहून कमी अंतर ठेवावे. चिरत चाललेली रेशमी साडी अशा रीतीने मांजरपाटावर बसवून तिचे बिनबाह्यांचे जॅकेट शिवता येते, आणि माझ्याकडच्या सर्वांत महाग विकल्या जाणाऱ्या वस्तू याच आहेत.

पुढे कपडे मिळवायचे म्हणाल, तर आधी सोसायटीतल्या शेजाऱ्यांना सांगावे. पहिले वर्ष त्यातच निघते आणि घरात ठेवायला जागा उरत नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी अजून ठाण्याच्या जुन्या वस्त्यांत येतात, आणि कापडाची पारख मी जेवढी त्यांच्याकडून शिकले तेवढी कुठल्या वर्गात शिकले नाही. त्या साडी उलगडतात तेव्हा आधी पदर पाहत नाहीत, निऱ्यांची जागा पाहतात. त्यांच्याकडून कपडे विकत घ्यायचे असतील तर त्यांनी मागितलेल्या भावात फार घासाघीस करू नये, कारण उन्हातान्हात दारोदार फिरून त्यांनी निवड आधीच केलेली असते. ब्लाऊज शिवणाऱ्यांकडे कतरण मिळते. जीन्स शिवण्याचे कारखाने उल्हासनगरात आहेत आणि तिथले कटाईतले तुकडे कोरे असल्याने बंदांसाठी उत्तम. मात्र त्यांना वापरलेले कापड म्हणून विकू नये. चेन, रनर (चेनवर सरकणारी कडी), कड्या आणि बकरम (आतून लावायचे ताठ कापड) घाऊक हवे असेल तर क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात एक फेरी मारावी. पिशवीला पाच नंबरची चेन मीटरवर घ्यावी, सुटी चेन महाग पडते. कशाच्याही उपयोगी न येणाऱ्या चिंध्यांसाठी, आपण नवी मुंबईत राहता म्हणून सांगते, बेलापूरला महापालिकेने टेक्स्टाईल कमिटी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या साहाय्याने जुन्या कापडाच्या पुनर्वापराचे केंद्र सुरू केले आहे, त्याची चौकशी जरूर करावी.

किमतीबाबत बहुतेक भगिनींची एकच चूक होते. कापड फुकट मिळाले म्हणून पिशवी स्वस्त, असा हिशेब त्या करतात आणि सहा महिन्यांत कंटाळून काम सोडतात. माझ्या एका जीन्सच्या पिशवीचा वेळ मी घड्याळ लावून मोजला आहे. उसवायला चाळीस मिनिटे, धुणे-इस्त्रीला वीस, मापून कापायला तीस, आणि अस्तरासह शिवायला दीड तास, असे तीन तास होतात. तासाला शंभर रुपये धरले तरी मजुरीच तीनशे होते. अस्तर, दोरा आणि चेन यांचे नव्वद. म्हणजे प्रदर्शनाचे भाडे धरण्याआधीच पिशवी तीनशे नव्वदला पडते. नव्या कापडाची यंत्रावर शिवलेली पिशवी शेजारच्या टेबलावर दीडशेला असणार, हे गृहीत धरावे आणि त्या किमतीशी झुंजायला जाऊ नये. बेलापूरच्या अर्बन हाटसारख्या ठिकाणी हातकाम पाहायलाच आलेले गिऱ्हाईक असते. तिथे पन्नास साध्या पिशव्यांपेक्षा पंधरा नीट शिवलेल्या पिशव्या न्याव्यात.

वस्तू वापरलेल्या कपड्याची आहे हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. काहींना दुसऱ्याचा कपडा चालत नाही, त्यातही गेलेल्या माणसाचा तर मुळीच नाही, आणि त्यांचा तो आग्रह आपण मानला पाहिजे. सासूबाईंच्या साड्या विकायच्या वस्तूंत घालण्यापूर्वी घरातल्या सर्वांना, विशेषतः नणंदांना, विचारून घ्यावे. माझ्याकडे आईची पैठणी घेऊन आलेल्या एका मुलीने तीनदा हो म्हटले आणि कात्री लावताना तिला रडू फुटले. तेव्हापासून अशा कामात मी आधी कागदाचे आकार साडीवर टाचून फोटो काढते, तो पाठवून आठवडाभर थांबते, आणि उरलेला प्रत्येक तुकडा वस्तूबरोबर परत देते. आपल्या पैठणीला या वर्षी हात लावू नये असेच मी सुचवीन. इरकलीही जीन्सच्या निदान दहा पिशव्या हातावेगळ्या झाल्यावरच घ्याव्यात.

राहता राहिले आपले मशीन. पायाच्या मशीनवर डेनिमचे चार थर अठरा नंबरच्या सुईने आरामात शिवले जातात. साडीच्या रेशमाला मात्र अकरा नंबरची सुई बदलून घ्यावी. शिवणीच्या जाड गाठीवर आले की पाय थांबवून चाक हाताने फिरवावे, आणि ती गाठ आधीच हातोडीने ठोकून चपटी केलेली असावी. दाबपट्टी, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग, पुढे उंचावून मागे झुकत असेल तर तिच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवावी, म्हणजे टाके सुटत नाहीत. जीन्सची धातूची बटणे व खिळे आधीच काढून टाकावेत, त्यांवर आदळून सुई मोडते आणि तिचे टोक डोळ्याकडे उडते. बंदाच्या जोडाशी सहा थर येतात आणि तिथे हे मशीन अडते. तेवढी शिलाई बाजारातल्या बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावी. तो ती आपल्यासमोर पाच मिनिटांत मारून देतो, फक्त आतला ठिगळाचा तुकडा आपण घरूनच टाचून न्यावा, कारण तो तुकडा लावायला कारागीर विसरतो.